तीस ट्रॅकची मिक्सटेप, दहा ट्रॅकचा अल्बम: फरक नेमका कशात?

दिल्लीच्या ‘सीधे मौत’ या रॅपर जोडगोळीने २०२३ मध्ये ‘लंच ब्रेक’ काढलं. त्यात तब्बल ३० ट्रॅक, आणि म्हणायचं काय, तर मिक्सटेप. ‘बिग डॉग्ज’ या गाण्यामुळे जगभर पोचलेल्या हनुमानकाइंड या रॅपरने २०२५ मध्ये ‘मॉन्सून सीझन’ आणलं, तीही मिक्सटेपच. उलट नास या रॅपरचा १९९४ चा ‘इलमॅटिक’ दहा ट्रॅकचा, जेमतेम ४० मिनिटांचा, आणि आदर्श रॅप अल्बम म्हणून त्याचं नाव आजही पहिल्या दमात घेतलं जातं. म्हणजे लांबीचा संबंध नाही. पैशांचाही दिसत नाही, कारण दोन्ही एकाच ॲपवर, एकाच वर्गणीत ऐकायला मिळतात. आणि टेप तर घरात कुणाकडेच उरलेली नाही.

तरी वाद ‘मिक्सटेप’ या शब्दावरूनच होतात. एक जण म्हणतो, “गाणी एकमेकांना धरूनच नाहीत.” दुसरा म्हणतो, “अरे, मिक्सटेप आहे ती, धरून कशाला असतील?” तिसरा सांगतो की हे सगळं मार्केटिंग आहे. तिघांच्याही म्हणण्यात थोडं थोडं तथ्य आहे, पण मुद्दा कुणीच धरलेला नाही. मिक्सटेप या नावात दर्जाबद्दल काहीही सांगितलेलं नसतं. चाल कुणाची, परवानगी कुणाची आणि रॅपरने ऐकणाऱ्याला काय कबूल केलंय, एवढंच त्यात असतं. हे न बघता दिलेलं मत म्हणजे गव्हाचं माप घेऊन दूध मोजणं.

## आधी खरोखरच टेप होती

११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात १५२०, सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीत सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने शाळा सुरू होण्याआधी एक पार्टी ठेवली होती. रेकॉर्ड वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क. हिपहॉपचा, म्हणजे रॅप ज्यातून निघालं त्या संगीताचा, वाढदिवस हाच धरतात. हर्कच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. गायक गप्प होतो आणि नुसता ताल उरतो त्या काही सेकंदांत नाचणाऱ्यांना खरा चेव येतो. मग त्याने दोन टर्नटेबलांवर रेकॉर्ड लावून तेवढाच तुकडा आलटून पालटून लांबवायला सुरुवात केली. त्या लांबवलेल्या तालावर माइक घेऊन यमकात बोलणं म्हणजे रॅप.

या पार्ट्यांचं रेडिओला काही देणंघेणं नव्हतं. मग कार्यक्रम चालू असतानाच टेप करायचा आणि त्याच्या कॅसेट हातोहात विकायच्या, असा धंदा सुरू झाला. ऐंशी-नव्वदच्या दशकात किड कॅप्री, डीजे क्लू अशांच्या कॅसेटना मागणी असे. कव्हरवर मोठं नाव डीजेचं असायचं, रॅपरचं नाही.

आपल्याकडच्या चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना हे सांगायला नको. गल्लीतल्या दुकानात गाण्यांची यादी आणि कोरी कॅसेट द्यायची, दोन दिवसांनी ती ‘भरून’ मिळायची. ६० ची घेतली तर एका बाजूला ३० मिनिटं, ९० ची घेतली तर ४५. शेवटचं गाणं मध्येच तुटलं की दुकानदाराच्या नावाने बोटं मोडायची. मिक्सटेप म्हणजे मुळात तीच भरलेली कॅसेट. फरक एवढाच की ब्रॉन्क्सचा दुकानदार स्वतः कलाकार होता. कुठलं गाणं कुठे कापायचं, कशाला काय जोडायचं, यात त्याची करामत. आणि बाजारात यायच्या आधीचं एखादं गाणं त्याच्याकडे असलं, तर कॅसेट दुप्पट खपायची.

## चाल दुसऱ्याची, शब्द आपले

इथे दोन शब्द समजून घेऊ, म्हणजे पुढे अडणार नाही. रॅपखालचं तालसंगीत म्हणजे बीट. चार ठोक्यांचं एक आवर्तन म्हणजे बार. रॅपरचं एक कडवं साधारण १६ बारचं असतं. बस्स, एवढं पुरे.

नव्वदच्या दशकात डीजेंच्या टेपवर रॅपर दुसऱ्याच्या गाजलेल्या बीटवर आपले शब्द म्हणायला लागले. आपल्याकडे यात नवल वाटायचं कारण नाही. भजनी मंडळं सिनेमाच्या चालीवर अभंग बसवतात. गणपतीच्या मांडवात, निवडणुकीच्या रिक्षातून, भीमजयंतीच्या मंचावर गाजलेल्या चालीवर नवे शब्द ऐकू येतात. चाल ओळखीची असली की लोकांचे कान आधीच तयार असतात आणि सगळं लक्ष शब्दांवर जातं. मिक्सटेपची मूळ कल्पना हीच. त्यात वर खुन्नसही असते: “हा बीट तुझा, पण यावर मी तुझ्यापेक्षा भारी बोललो.”

याचा पुरेपूर उपयोग केला तो ५० सेंट या न्यूयॉर्कच्या रॅपरने. २००० मध्ये त्याच्यावर गोळीबार झाला आणि त्यानंतर रेकॉर्ड कंपनीने त्याला सोडून दिलं. स्टुडिओला पैसा नाही, नवे बीट विकत घ्यायची ऐपत नाही. २००२ मध्ये त्याने ‘५० सेंट इज द फ्यूचर’ ही मिक्सटेप काढली, बहुतेक दुसऱ्यांच्या बीटवर. त्याच वर्षी एमिनेम आणि डॉ. ड्रे या बड्या रॅपरांनी त्याला करारबद्ध केलं, आणि फेब्रुवारी २००३ मधल्या त्याच्या अल्बमच्या पहिल्याच आठवड्यात ८ लाख ७२ हजार प्रती खपल्या. लिल वेन या रॅपरने हीच वाट आणखी लांब नेली. २००७ मध्ये ‘दा ड्रॉट ३’ ही दोन सीडींची मिक्सटेप, तीही बहुतांशी इतरांच्या बीटवर, त्याने फुकट सोडली. पुढच्या वर्षी ‘द कार्टर ३’ हा अल्बम पहिल्या आठवड्यात दहा लाखांवर गेला.

अनेक जाणकार ऐकणाऱ्यांना वेनच्या त्या काळातल्या फुकट टेप त्याच्या अल्बमपेक्षा सरस वाटतात, आणि ते बरोबर आहे. अल्बममध्ये रेडिओसाठी एक गाणं, मुलींसाठी एक, मोठ्या पाहुण्यासोबत एक, असा सगळा आहेर सांभाळावा लागतो. टेपवर असली बांधिलकी नव्हती. धृपद नको असेल तर गाळायचं, सहा मिनिटं बोलावंसं वाटलं तर बोलायचं.

## “फुकट वाटलं म्हणजे कायद्यात बसतं ना?”

नाही. हा सगळ्यात पसरलेला गैरसमज आहे, म्हणून जरा थांबून बघू.

रेकॉर्ड झालेल्या कुठल्याही गाण्यात दोन वेगळ्या मालकी असतात. एक शब्द आणि चालीची, दुसरी त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाची. जमीन एकाची आणि तिच्यावरची इमारत दुसऱ्याची, तसं. गाणं तुम्ही स्वतःच्या वादकांकडून नव्याने वाजवून घेतलंत, तर फक्त जमीनमालकाला विचारायचं. जुन्या रेकॉर्डमधला तुकडा उचललात, ज्याला सॅम्पल म्हणतात, तर दोघांनाही विचारायचं. चाल तीन जणांनी मिळून बांधली असेल तर जमीनमालकच तीन.

परवानगीची वाट साधारण अशी. आधी मालक शोधायचे. मग तुकडा नेमका कुठे, किती वेळा, किती सेकंद वापरलाय ते गाण्यासकट कळवायचं. समोरचा उचल मागतो, वर चालीतला हिस्सा मागतो, किंवा सरळ नाही म्हणतो. उत्तर किती दिवसांत द्यायचं याचं बंधन त्याच्यावर नाही, आणि अमेरिकेच्या कायद्यात सॅम्पलसाठी त्याला भाग पाडणारी तरतूदही नाही. एका ट्रॅकमध्ये चार सॅम्पल असतील तर हा खेळ चार वेळा. त्यातला एक जरी अडून बसला तरी ट्रॅक लटकला.

ही शिस्त आली १९९१ च्या एका निकालातून. बिझ मार्की या रॅपरने गिल्बर्ट ओ’सलिव्हनच्या गाण्याचा तुकडा परवानगीविना वापरला होता. न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच बायबलमधल्या ‘चोरी करू नकोस’ या आज्ञेने केली आणि तो अल्बम दुकानांतून काढून घ्यावा लागला. बिझनेही पुढच्या, १९९३ च्या अल्बमचं नाव ठेवलं ‘ऑल सॅम्पल्स क्लिअर्ड!’

“सात सेकंदांपर्यंत चालतं”, “दहा सेकंदांपर्यंत कुणी विचारत नाही” ही वाक्यं पुण्या-मुंबईच्या होम स्टुडिओंतही ऐकू येतात. असा कुठलाही नियम नाही. २००५ च्या एका खटल्यात गिटारचा अवघा दोन सेकंदांचा तुकडा, तोही स्वर उतरवून वापरलेला, उल्लंघन ठरला. २०१६ मध्ये अमेरिकेतल्याच दुसऱ्या अपील न्यायालयाने ०.२३ सेकंदाच्या ब्रासच्या ठोक्याबद्दल उलट निकाल दिला: इतकं किरकोळ काही ऐकणाऱ्याला ओळखूही येत नाही, सोडून द्या. म्हणजे अमेरिकेतसुद्धा न्यायालयांचं एकमत नाही. अशा ठिकाणी सेकंद मोजून निर्धास्त होणं म्हणजे रूळ ओलांडताना घड्याळ बघण्यासारखं.

आणि फुकटचं म्हणाल, तर मॅक मिलर या रॅपरने २०१० मध्ये फुकट वाटलेल्या ‘किड्स’ या मिक्सटेपमधल्या एका गाण्यासाठी लॉर्ड फिनेसचा जुना बीट घेतला होता. २०१२ मध्ये फिनेसने एक कोटी डॉलरचा दावा ठोकला. प्रकरण पुढे आपसात मिटलं. फुकट टेपने नाव होतं, नावावर मैफली विकल्या जातात, आणि वकील ते कोर्टात व्यवस्थित मांडतात.

त्याआधी १६ जानेवारी २००७ ला अटलांटात डीजे ड्रामाच्या स्टुडिओवर पोलिसांची धाड पडली, सोबत रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेची माणसं. ८१ हजार सीडी जप्त झाल्या, ड्रामा आणि त्याचा साथीदार डॉन कॅनन गजाआड. विनोद असा की कंपन्यांचे जाहिरात विभागच आपल्या रॅपरची नवी गाणी अशा डीजेंना पोचवत असत. एका हाताने द्यायचं, दुसऱ्याने पकडायचं. त्यानंतर सीडीचा धंदा झपाट्याने बसला आणि मिक्सटेप डाउनलोडच्या साइटवर गेली.

## ॲपवर जुनी टेप वेगळी का वाटते?

यामागे हेच परवानगीचं गणित आहे. फुकट टेप जेव्हा पैसे देणाऱ्या ॲपवर चढवायची वेळ येते, तेव्हा प्रत्येक सॅम्पलचा मालक शोधावा लागतो. जिथे जमत नाही तिथे गाणं गळतं किंवा बीट बदलला जातो.

शिकागोच्या चान्स द रॅपरची २०१३ ची ‘ॲसिड रॅप’ हे याचं लख्ख उदाहरण. २०१९ मध्ये ती ॲपवर आली, पण तेव्हा ‘ज्यूस’ या ट्रॅकच्या जागी जेमतेम अर्ध्या मिनिटाचा निरोप होता, कारण त्यातल्या सॅम्पलची परवानगी मिळाली नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटायचं, हा काय पोरखेळ! त्याला कोण सांगणार की टेपमधलं एक गाजलेलं गाणं तिथे होतं? अल्बमही यातून सुटत नाहीत. सॅम्पलचे जुने करार कॅसेट-सीडीच्या जमान्यातले होते, डिजिटलचा त्यात उल्लेख नव्हता. मालकीच्या भांडणांची त्यात भर पडली, आणि डे ला सोल या रॅप गटाचे गाजलेले अल्बम ३ मार्च २०२३ पर्यंत ॲपवर येऊ शकले नाहीत. त्यातला पहिला १९८९ चा.

तेव्हा जुन्या टेपबद्दल मत बनवण्याआधी ट्रॅकची संख्या आणि वेळ मूळ यादीशी ताडून बघा. फरक निघाला तर तुम्ही ऐकताय ती टेप नव्हे, तिची छाटलेली प्रत आहे.

## “मग विकत मिळणारी मिक्सटेप ही काय भानगड?”

आक्षेप रास्त आहे. बीट स्वतःचे, परवानग्या घेतलेल्या, ॲपवर पैसे मिळतात. मग अल्बम म्हणायला काय जातं?

सुरुवात झाली सरमिसळीतून. २०१३ मध्ये लॉस एंजेलिसच्या निप्सी हसलने ‘क्रेनशॉ’ नेटवर फुकट ठेवली आणि त्याच वेळी तिच्या एक हजार प्रती प्रत्येकी १०० डॉलरला विकायला काढल्या. जे-झी या रॅपरने एकट्याने शंभर घेतल्या. २०१५ मध्ये ड्रेक या रॅपरने एक प्रकल्प कसलीही पूर्वसूचना न देता विक्रीला आणला आणि त्याला मिक्सटेप म्हटलं. तो अमेरिकेतल्या अल्बमच्या खपाच्या यादीत पहिला आला. २०१७ मध्ये त्याने पुढच्या प्रकल्पाला ‘प्लेलिस्ट’ म्हटलं. त्याच वर्षी चान्सच्या ‘कलरिंग बुक’ला सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचं ग्रॅमी मिळालं. ती विकली जात नव्हती, फक्त स्ट्रीमिंगवर होती, आणि अशांना स्पर्धेत घ्यायचा नियम २०१६ मध्येच झाला होता. मिक्सटेपला अल्बमचं बक्षीस! तिथून पुढे शब्दाचा कायद्याशी असलेला धागा सुटला.

उरलं ते कबूल केलेलं. अल्बम म्हटलं की पाहुण्यांना ताट वाढून द्यायचं: मिठापासून ताकापर्यंत क्रम ठरलेला, डावी-उजवी बाजू सांभाळलेली, भात दुसऱ्यांदा कधी वाढायचा हेही ठरलेलं. मिक्सटेप म्हटलं की कढईतून काढेल ते गरमागरम पुढे सरकवायचं. दहातली दोन भजी कच्ची निघाली तरी कुणी पंगत सोडून उठत नाही. रॅपरला याचा व्यावहारिक फायदाही असतो. कंपनीशी झालेल्या करारात किती अल्बम द्यायचे हे बहुधा लिहिलेलं असतं, त्यामुळे कशाला अल्बम म्हणायचं हा प्रश्न थेट पैशांचा असतो. शिवाय टेप फसली तर “टेपच होती” म्हणायची सोय. ही पळवाट काही जण निर्लज्जपणे वापरतात, आणि तिथे त्या तिसऱ्याचं मार्केटिंगवालं म्हणणं पटतं.

## लांबण का लागते?

यामागे हिशेब आहे. अमेरिकेत खपाची ती यादी बिलबोर्ड काढतं. तिच्यासाठी २०१८ मध्ये ठरलेलं गणित असं होतं: पैसे भरणाऱ्या ग्राहकांनी १,२५० वेळा ऐकलेले ट्रॅक म्हणजे एका अल्बमची विक्री, जाहिरातींसह फुकट ऐकणाऱ्यांचे ३,७५०. दहा ट्रॅकचा अल्बम १२५ वेळा पूर्ण ऐकला जावा तेव्हा एक विक्री मोजली जायची, २५ ट्रॅकचा असेल तर ५० वेळाच पुरे. मग कोण कशाला दहावर थांबेल? त्याच वर्षी मिगोसने २४ ट्रॅकचा अल्बम काढला, ड्रेकने २५ चा. शिवाय स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजलं की एक मोजलं जातं, त्यामुळे लांबलचक प्रस्तावना गळाली आणि गाणी दोन-अडीच मिनिटांवर आली.

या लांबलेल्या अल्बमांतल्या बहुतेकांत बारा गाण्यांचा चांगला अल्बम दडलेला असतो, तो ऐकणाऱ्यानेच निवडून काढायचा. त्याच २०१८ मध्ये पुशा टीचा ‘डेटोना’ आला: सात ट्रॅक, २१ मिनिटं, एक ओळ फालतू नाही. ‘लंच ब्रेक’चे ३० मात्र वेगळ्या कारणाने चालून जातात. पाहुणे बदलतात, बीटची जात बदलते, आणि ‘लंच ब्रेक’ हे नावच मुळात “मधली सुट्टी आहे, खेळू” असं सांगतं. तिथे पसारा हाच वायदा आहे.

## ऐकायचं कसं?

आधी यंत्राचं बघू. ट्रॅप या रॅपच्या प्रकारातल्या बीटमधला खोल ठोका ‘८०८’ या रोलँडच्या जुन्या यंत्रावरून आला. त्याचा मूळ स्वर ५० हर्ट्झच्या आसपास असतो. फोनचा स्पीकर साधारण २०० हर्ट्झखाली जवळजवळ मुका. म्हणजे फोन टेबलावर ठेवून ऐकणाऱ्याला अर्धा बीट ऐकूच येत नाही, आणि मग मत येतं की “पाठीमागे काहीच नाही, नुसती टिकटिक.” ती टिकटिक हाय-हॅटची, म्हणजे ड्रमच्या झांजांची. साधा इअरफोन लावा. ॲपमधलं शफल बंद करा, एका गाण्यात दुसरं मिसळवणारं क्रॉसफेड शून्यावर ठेवा. सेन्सॉर केलेली प्रत चुकून लावली नाही ना तेही बघा, कारण शब्द पुसले की यमकाचा सांधाच निखळतो.

अल्बम असेल तर क्रम मोडू नका. केंड्रिक लामारच्या २०१५ च्या ‘टू पिंप अ बटरफ्लाय’मध्ये एक कविता ट्रॅकागणिक थोडी थोडी वाढत जाते आणि शेवटच्या ट्रॅकवर पूर्ण होते; ती कुणाला वाचून दाखवली जात होती हे तेव्हा कळतं. मधला एखादा ट्रॅक सुटा ऐकणाऱ्याला ते अर्धं कडवं विनाकारण चिकटवल्यासारखं वाटेल. त्याच्याच २०१७ च्या ‘डॅम’ची उलट्या क्रमाची आवृत्तीही निघाली, आणि क्रम फिरवल्यावर गोष्ट वेगळी लागते. याच अल्बमला २०१८ मध्ये संगीताचं पुलित्झर मिळालं, अभिजात आणि जॅझच्या बाहेर पहिल्यांदाच.

मिक्सटेप असेल तर उलटं करा. बीट दुसऱ्याचा असेल तर मूळ गाणं आधी एकदा ऐका. मग फक्त कडवी बघा: श्वास कुठे घेतला, यमक कुठे पडलं. एक उदाहरण इथेच बांधून बघू.

*चाळीत वाढलो, गाळात गाडलो, तरी माळ्यावर ठेवली वही*
*टाळीला भुललो नाही, गाळलेली ओळ हीच माझी सही*

वही-सही हे शेवटचं यमक कुणालाही दिसतं. वाढलो-गाडलो हे ओळीच्या पोटातलं. पण दोन्ही ओळी बांधून ठेवतो तो ‘आळ’चा नाद: चाळ, गाळ, माळा, टाळी आणि पुन्हा गाळ. त्यातही पहिला गाळ म्हणजे चिखल, दुसरा म्हणजे वगळणं. आता ताल बघा. एका बारमध्ये चार ठोके, प्रत्येक ठोक्यात चार बारीक खण, एकूण सोळा. दुसरी ओळ उच्चारताना सोळा अक्षरं होतात, खण भरले. पहिलीत सतरा, एक अक्षर बार सुरू व्हायच्या आधीच टाकावं लागेल. मिनिटाला ९० ठोक्यांच्या बीटवर एक बार २.६७ सेकंदांत संपतो, म्हणजे या दोन ओळी सलग म्हटल्या तर श्वासाला जागाच नाही. ७० च्या संथ बीटवर तोच बार ३.४३ सेकंदांचा होतो आणि हेच शब्द आरामात बसतात. नवशिके इथेच मार खातात: कागदावर ओळ झकास, बीटवर गेली की शेवटची दोन अक्षरं गिळलेली.

शाहिरांनी यावर फार पूर्वीच तोड काढली होती. मागचे झीलकरी “जी जी रं जी” उचलतात तेवढ्यात शाहीर दम घेतो. रॅपमध्ये मागून येणारे “हां”, “येस्सर”, शेवटच्या शब्दाची दुहेरी आरोळी तेच काम करतात. त्यांना उगाच केलेला गोंगाट समजू नका.

## “आवडलं-नावडलं हे ज्याचं त्याचं, निकष कशाला?”

आवड ज्याची त्याचीच. पण “मला आवडलं नाही” आणि “फसलंय” ही दोन वेगळी विधानं आहेत. दुसरं म्हणायचं तर आधी काय करायला निघाला होता ते सांगावं लागतं. पुण्याच्या एमसी स्टॅनचा ‘तडीपार’ ऐकून कुणाला आवाजावरचं ऑटोट्यून (यंत्राने सुरात ओढलेला आवाज) खटकेल, तर ती आवड झाली. मुंबईच्या ‘स्वदेसी’ने २०१९ मध्ये आरेच्या जंगलावर ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणं केलं, प्रकाश भोईर यांच्या आवाजासह. त्यात रॅपची कसरत शोधत बसलात तर हुकलात, कारण ते निवेदन आहे. आणि शिव्यांबद्दल म्हणाल, तर त्या भरतीच्या आहेत का हे बघणं सोपं आहे: शिवी काढून दुसरा दोन अक्षरी शब्द ठेवला आणि ओळीचं काहीच बिघडलं नाही, तर ती भरतीचीच होती.

## मराठीत करायचं म्हणाल तर

नेटवर ‘फ्री बीट’ म्हणून मिळतो तो बहुतेकदा कमाई करणार नसाल तरच फुकट असतो. भाड्याने घेतलेला बीट स्वस्त पडतो, पण तोच आणखी अनेकांना दिलेला असू शकतो आणि किती वेळा ऐकला जाईपर्यंत चालेल याची मर्यादा परवान्यात लिहिलेली असते. त्यातल्या एखाद्या भाडेकरूने यूट्यूबच्या ओळख-यंत्रणेत तो आपल्या नावाने नोंदवला, की तुमच्या गाण्यावर दावा येतो, बीटचे पैसे तुम्ही दिलेले असले तरी. म्हणून परवाना आणि पावती जपून ठेवा, डब्ल्यूएव्ही फाइल घ्या, वाद्यांचे ट्रॅक वेगवेगळे मिळत असतील तर तेही घ्या. एकट्याच्या हक्काने बीट घेतलात तरी आधी भाड्याने गेलेल्या प्रती बाजारात राहतातच.

आणि जुन्या मराठी गाण्याचा तुकडा घ्यायचा मोह झालाच, तर हिशेब असा. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो. शब्द आणि चालीचा हक्क कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. समजा १९६० मध्ये तबकडीवर आलेलं, गदिमांचे शब्द आणि सुधीर फडके यांची चाल असलेलं गाणं आहे. तबकडीचा हक्क २०२० अखेर संपला. गदिमा १९७७ मध्ये गेले, शब्द २०३७ अखेरपर्यंत बांधलेले. बाबूजी २००२ मध्ये गेले, चाल २०६२ अखेरपर्यंत. तबकडीतून फक्त दोन तालचक्रं घेतलीत, ज्यात शब्द नाहीत आणि मुखड्याची सुरावटही नाही, तर अडचण कमी. वर मुखड्याची एक ओळ वाजली की दोन्ही घरच्या वारसदारांची दारं ठोठावावी लागतील, किंवा ते हक्क ज्या कंपनीकडे गेले असतील तिची.